लाडूचे डोळे निळे झालेत, आणि भूकही लागलीय

नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगा शिकायला कॅनडाला गेला आणि जाताना त्याचा पाळीव साप, बॉल पायथन, माझ्या गळ्यात टाकून गेला. नाव लाडू. नर, वय चार वर्षं, लांबी साडेतीन फूट. शेवटचं जेवण दिवाळीच्या पाडव्याला झालं, त्याला आता तीन आठवडे उलटले. हल्ली तो रात्रभर पेटीत येरझारा घालतो, काचेला नाक घासतो, झाकणाशी तोंड लावून बसतो. परवापासून अंग मळकट दिसतंय आणि डोळे निळसर-पांढरे झालेत. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "कात टाकणार आहे, पण भुकेला दिसतोय, तर एक उंदीर देऊन बघ." सोमवारी मी वरून हात घालून पाण्याचं भांडं काढत होते, तर त्याने मनगटावर फटका मारला आणि लगेच सोडलं. बारीक ओरखडे आले. तेव्हापासून पेटी उघडायची हिंमत होत नाही. हे म्हणतात, ग्लोव्हज घाल, नाहीतर विश्वामित्री नदीत सोडून येऊ. सासूबाई म्हणतात, वाटीभर दूध ठेव, गप्प बसेल. खायला द्यायचं की नाही? आणि पाणी बदलायचं कसं?

एक आई, वडोदरा

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागाहून. कात पूर्ण पडेपर्यंत लाडूला काही खायला देऊ नका आणि पेटीबाहेरही काढू नका. चार वर्षांच्या धडधाकट बॉल पायथनचं तीन आठवड्यांच्या उपासाने काही बिघडत नाही. वाढ झालेल्या पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एक जेवण पुरतं. त्यात नर असेल तर थंडीच्या दिवसांत तो महिनोन्महिने तोंड फिरवून बसल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. तेव्हा "बिचारा उपाशी आहे" ही टोचणी आधी मनातून काढून टाका. तुमचा मुलगा अगदीच चुकीचं सांगतोय असं नाही. काही साप कात टाकण्याच्या दिवसांतही खातात आणि त्यांना ते पचतंही. पण खायला घालून आत्ता मिळणार काय? फायदा शून्य. उलट त्याने शिकार ओकली तर पुढचे दोन आठवडे त्याला काहीच देता येणार नाही. आणि नेम चुकला तर तुमचा हात आहेच.

आता मुळात ही भूकच आहे का, ते बघू. भुकेला पायथन सहसा लपायच्या जागेतून डोकं तेवढं बाहेर काढून दबा धरतो. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली, नजर समोर, जीभ सारखी आत-बाहेर. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. रात्रभर येरझारा, काचेला नाक घासणं, झाकणाशी तोंड. हे भुकेनेही होतं, पण हवा कोरडी पडली किंवा पेटी गार झाली तरी अगदी असंच होतं. कात टाकायला आलेला साप ओलसर कोपरा शोधतो. आपल्या वडोदऱ्यात पावसाळा सरला की हवेतला ओलावा झपाट्याने उतरतो, आणि दिवाळीनंतर रात्री पायाला पांघरूण लागायला लागतं. तुमच्या ओठांना आणि टाचांना हे कळतं, तसं लाडूच्या कातडीलाही कळतं. शिवाय नराच्या अंगात या मोसमात मादीच्या शोधाची भटकंतीही असते. म्हणून उंदराचा विचार करण्याआधी पेटीतला तापमापक आणि आर्द्रतामापक बघा. नसले तर आजच मागवा, दोन्ही एकत्र असलेलं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश आणि गार बाजूला २५ ते २७ अंश सेल्सिअस हवं. आर्द्रता एरवी ५० ते ६० टक्के चालते, पण कात येईपर्यंत ती ७० च्या आसपास ठेवायची.

डोळे निळे का झाले तेही सांगते, कारण सोमवारच्या फटक्याचं मूळ तिथेच आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला बसवलेला असतो आणि बाकीच्या कातडीबरोबर तोही बदलतो. जुनी कातडी सुटी व्हावी म्हणून जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये एक द्रव उतरतो. तो अंगावर मळकटपणा आणतो आणि डोळ्यावर दुधट पडदा. त्या काही दिवसांत सापाला धूसर दिसतं. समोर काहीतरी हललं एवढं कळतं, पण ते काय आहे हे उमगत नाही. आणि बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे बारीक खळगे असतात, ते मात्र या दिवसांतही काम करत राहतात. म्हणजे लाडूच्या बाजूने बघा: धुरकट अंधार, वरून काहीतरी मोठं येतंय आणि ते गरम आहे.

एवढ्यावरून सोमवारी काय झालं असेल ते मला तरी स्पष्ट दिसतं. त्याने फटका मारला आणि लगेच सोडलं, असं तुम्ही लिहिलंय. खायच्या इराद्याने धरलेला पायथन सोडत नाही. दात रुतवतो, अंगाचे वेढे घालतो आणि चिकटून राहतो. मारून लगेच मागे सरकणं हे घाबरलेल्या सापाचं काम. तो तुम्हाला खायला आला नव्हता, "लांब राहा" म्हणत होता. उंदीर देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण प्रश्न भुकेचा नाहीच. हात वरून गेला, हा आहे. सापाला वरून येणारी प्रत्येक गोष्ट घार वाटते.

मात्र खरीच भूक असेल आणि हाताला मटणाचा, अंड्याचा किंवा उंदराचा वास असेल, तर हाच फटका धरून ठेवणारा होऊ शकतो. धूसर डोळे, रिकामं पोट आणि गरम वासाचा हात, हे तिन्ही एकत्र येऊ द्यायचं नाही. या आठवड्यात तुम्हाला सांभाळायचंय ते एवढंच.

तर पाणी बदलायचं कसं. हे काम सकाळी किंवा दुपारी, भरपूर उजेडात करा. रात्र ही त्याची शिकारीची वेळ. आधी हात साध्या साबणाने धुऊन कोरडे करा, स्वयंपाक चालू असताना मधेच पेटीकडे वळू नका. पूर्ण बाह्यांचा कुर्ता किंवा जुना शर्ट घाला. झाकण सरकवलं की लगेच हात घालू नका, मिनिटभर थांबा आणि तो कुठे आहे ते बघा. तो लपायच्या डब्यात असेल तर सोन्याहून पिवळं: डब्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा उभा करा, भांडं काढा, धुऊन भरा, परत ठेवा आणि शेवटी पुठ्ठा काढा. तो बाहेर पसरलेला असेल तर वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करा आणि तिने त्याच्या अंगाच्या मधल्या भागाला हलकासा स्पर्श करा. डोक्याला नाही, शेपटीलाही नाही. हा स्पर्श म्हणजे दाराची कडी वाजवणं. रोजच्या सवयीने त्याला कळायला लागतं की आधी कागद टेकला की जेवण येत नाही, नुसती साफसफाई होते. पायथन पाळणारी माणसं हेच काम वाकड्या टोकाच्या काठीने करतात, पण आठवडाभरासाठी काठी विकत आणायची गरज नाही. कागदाची गुंडाळी डाव्या हातात त्याचं तोंड आणि तुमचा उजवा हात यांच्या मधे धरून ठेवा, आणि उजवा हात वरून न नेता बाजूने, जमिनीलगत न्या. सावकाश, पण मधेच थबकू नका. घाबरून अर्ध्यावरून हात झटकन मागे ओढला की तीच हालचाल त्याला नेमकी दिसते.

भांडं उचलायला स्वयंपाकघरातला लांब चिमटा वापरायचा मोह झाला तर वापरा, पण मग तो चिमटा कायमचा लाडूचा. परत फुलक्यांकडे नाही. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. साप त्याने आजारी दिसत नाही, पण माणसाला जुलाब-ताप होऊ शकतो, आणि लहान मुलांना, गरोदर बायकांना, वयस्कर माणसांना तो जास्त झोंबतो. घरात सासूबाई आहेत. म्हणून लाडूचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, बाथरूममध्ये वेगळ्या घासणीने धुवायचं आणि नंतर हात साबणाने स्वच्छ करायचे. हे सापाच्या चाव्यापेक्षा महत्त्वाचं आहे आणि नेमकं याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

ग्लोव्हजबद्दल. यष्टिरक्षक किरण मोरेंच्या गावात घरोघरी ग्लोव्हज निघणारच, पण ते राहू द्या. जाड ग्लोव्हजमध्ये हाताला अंदाज राहत नाही, बिचकून साप दाबला जातो, आणि चावलाच तर त्याचे बारीक दात कापडात अडकून तुटतात. बॉल पायथन बिनविषारी आहे. त्याचा चावा म्हणजे सुयांची बारीक रांग टोचल्यासारखा: रक्त येतं, दचकायला होतं, पण त्यापलीकडे फारसं काही नसतं. तुमच्या ओरखड्यांसाठी साबण-पाणी पुरेसं आहे. फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि कधी त्याने धरलंच, तर ओढू नका. त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढाल तर तुमची कातडी फाटेल आणि त्याचे दात तुटतील. हात टेबलावर टेकवून स्थिर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या तोंडावर थंड पाण्याची बारीक धार सोडायला सांगा. बहुतेकदा तेवढ्याने सोडतो. नाहीच सोडलं तर ओठाच्या कडेला हँड सॅनिटायझरचा एक थेंब. वेढे घातले असतील तर शेपटीच्या टोकाकडून सोडवत यायचं, डोक्याकडून नाही. एवढं यजमानांना आत्ताच सांगून ठेवा. त्या वेळी समजावत बसायला कुणी शांत नसतं.

आता ओलावा. इथे थोडी मेहनत आहे, आणि कात नीट पडणं न पडणं यावरच आहे. झाकणाची एक डबी घ्या, लाडू गुंडाळी करून आत मावेल एवढी. बाजूला त्याच्या अंगाच्या दुप्पट रुंदीचं भोक पाडा आणि भोकाची कड मेणबत्तीवर गरम केलेल्या चमच्याने गुळगुळीत करा, नाहीतर नवी कातडी तिथेच कापते. आत नर्सरीत मिळणारं कोकोपीट किंवा मॉस भिजवून, मुठीत घट्ट पिळून भरा. पाणी ठिबकायला नको, ओलसर लागलं पाहिजे. ही डबी उबदार बाजूला किंवा मधोमध ठेवा. गार कोपऱ्यात ठेवलेली ओली डबी म्हणजे सर्दीला आमंत्रण. पेटीला जाळीचं झाकण असेल तर त्याचा अर्धा भाग ओल्या टॉवेलने झाका, दिव्याची जागा मात्र मोकळी सोडा. पाण्याचं भांडं मोठं आणि जड हवं. खोलीत हीटर लावत असाल तर तो हवा आणखी कोरडी करतो, हे लक्षात ठेवा. आणि हौसेने सापावर पाणी फवारू नका, अख्खी पेटीही चिंब करू नका. पोटाखाली सतत ओल राहिली की खवल्यांवर फोड येतात आणि ते कातेपेक्षा भारी पडतं. पेटीत एखादा खडबडीत दगड किंवा लाकडाचा ओंडका असू द्या. कातीची सुरुवात नाकापासून होते, आणि नाक घासायला त्याला काहीतरी लागतं.

एक गोष्ट बहुतेक नवख्यांना चकवते. चार-पाच दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतील, रंगही जरा सुधारेल. तुम्हाला वाटेल झालं एकदाचं, आता जेवायला घालू. नाही. दोन थरांमधला द्रव शोषला गेल्यावर डोळे निवळतात, कात अजून अंगावरच असते. त्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांत ती पडते. मळकट होण्यापासून मोजलं तर सगळ्याला एक ते दोन आठवडे. डोळे निवळलेत या आनंदात त्याला हातात घेतलं की तीच कातडी तुकड्या-तुकड्याने सुटते. ओली डबी या दिवसांत तर काढायचीच नाही.

सासूबाईंच्या दुधाचं. त्यांच्या मनात माया आहे, त्यामुळे थेट "नाही" म्हणण्याऐवजी असं सांगून बघा. आपल्या घरांत दोन नागपंचम्या होतात: श्रावण शुद्ध पंचमीला आपली, आणि पंधरा दिवसांनी श्रावण वद्य पंचमीला शेजारच्या गुजराती बायकांची नागपंचम. दोन्ही वेळा टोपलीतला नाग दूध पिताना लोक बघतात आणि त्यांना ते खरं वाटतं. तो पितो, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पितो. सापाच्या आतड्यांना दूध पचवता येत नाही. लाडूसमोर स्वच्छ पाणी आहे, तो दुधाकडे बघणारही नाही, आणि ते पेटीत नासून वास मारेल. सासूबाईंना काही करायचंच असेल तर रोज ताजं पाणी भरून द्यायचं काम त्यांच्याकडे द्या. पेटीत ठेवायचं तुम्ही.

कात पडली की ती टाकून देऊ नका, आधी तपासा. लाडू बहुतेक रात्रीच काम उरकेल आणि सकाळी तुम्हाला कोपऱ्यात उलटा काढलेल्या पायमोज्यासारखी एक लांब नळी दिसेल. ताजी असताना ती दमट आणि ताणली जाणारी असते, सापापेक्षा लांबही भरते. तेव्हा तिची लांबी मोजून "लाडू पाच फुटांचा झाला" असं मुलाला कळवू नका. ती खिडकीशी धरून उजेडात बघा. पोटाकडचे रुंद आडवे पट्टे, पाठीवरचे बारीक खवले, सगळं उठून दिसतं. तुम्हाला दोन गोष्टी शोधायच्या आहेत. एक, डोक्याच्या भागात दोन गोल, काचेसारख्या चकत्या. या डोळ्यांवरच्या. दोन्ही असल्या तर डोळे मोकळे झाले. दुसरी, शेपटीचं टोक. ते टोकापर्यंत बंद आलं पाहिजे. शेपटीवर जुन्या कातडीचं कडं राहिलं तर ते वाळून आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळतं. अशा शेपट्या पाहिल्यात, आणि प्रत्येक वेळी घरच्यांचं म्हणणं एकच: एवढंसंच तर राहिलं होतं.

तुकडे राहिलेच तर नखाने सोलायचे नाहीत, तेल लावायचं नाही. एका डब्यात त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच कोमट पाणी घ्या, २८ ते ३० अंश. आपल्या हाताला हे पाणी कोमटसुद्धा वाटत नाही, थंडच वाटतं. वाटलं पाहिजेही तसंच. झाकणाला भोकं असावीत. पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि तिथेच बसून राहा, फोन आला म्हणून उठू नका. नंतर ओला टॉवेल हातात सैल धरून त्यातून त्याला त्याच्या चालीने जाऊ द्या, घर्षणाने उरलेलं निघतं. एका दिवसात नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोळ्यावरची चकती राहिली असेल तर मात्र तिला हात लावायचा नाही. चिमटा, चिकटपट्टी, ओला कापूस घेऊन खरवडणं, यांपैकी काहीही नाही. खालचा नवा खवला ओरबाडला गेला तर डोळा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातेची वाट बघायची. तेव्हाही नाही निघाली तर पशुवैद्य.

जेवणाचा मुहूर्त कात पडल्यावर एक-दोन दिवसांनी, संध्याकाळी. कातेच्या धांदलीनंतर साप बहुधा हावरा असतो, तुमची भुकेची शंका तेव्हा आपोआप फिटेल. गोठवलेला उंदीर असेल तर तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा आणि जेवणाआधी पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्ह नको: आतून शिजतो, वरून गार राहतो, कधीकधी फुटतो. आणि त्यानंतर त्या मायक्रोवेव्हमध्ये सासूबाई दूध तापवणार नाहीत हे नक्की. फ्रीजरमध्ये उंदरांसाठी वेगळा, झाकणाचा, अपारदर्शक डबा ठेवा, मटारच्या पिशवीशेजारी नको. उंदराची जाडी लाडूच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून मोठा नाही. फूटभर लांबीच्या चिमट्याने उंदराला शेपटीकडून धरा आणि लाडूच्या तोंडापासून थोड्या अंतरावर धरून जरासा हलवा. त्याने पकडला की चिमटा सोडा, झाकण लावा आणि खोलीतून निघून जा. नाही घेतला तर आत ठेवून द्या, सकाळपर्यंत तसाच राहिला तर फेकून द्या. पुन्हा गोठवायचा नाही. खाल्ल्यावर निदान ४८ तास त्याला उचलू नका.

जिवंत उंदीर देण्याची पद्धत तुमच्या मुलाने ठेवली असेल तर ती या निमित्ताने मोडा. धूसर डोळ्यांचा साप आणि घाबरलेला उंदीर एका पेटीत ठेवले, तर चावा कोण घेईल याचा भरवसा नाही. उंदराने कुरतडलेल्या सापांच्या जखमा आठवडेच्या आठवडे भरत नाहीत.

डॉक्टरकडे कधी न्यायचं तेही सांगून ठेवते. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, श्वासाबरोबर शिट्टी किंवा तोंडात बुडबुडे असतील, पोटावर लाल फोड दिसले, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपक्यांएवढे किडे तरंगताना दिसले, किंवा खाल्लेलं दोनदा ओकलं, तर कातेची वाट बघत बसायचं नाही. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वडोदऱ्यात भरपूर आहेत, पण साप बघणारे डॉक्टर कमी. तेव्हा आधी फोन करून विचारा. आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, गरज पडली तर तिथेही चौकशी करता येईल. नेताना उशीच्या खोळीत घालून तोंड बांधा, आणि ती खोळ झाकणाच्या डब्यात ठेवा.

राहता राहिलं विश्वामित्रीत सोडायचं. हे त्यांनी थट्टेत म्हटलं असेल, पण २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी ज्या शहरातल्या गल्ल्यांत शिरल्या, तिथे ही थट्टासुद्धा कुणाच्या कानावर पडायला नको. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. इथे सोडला तर थंडीने नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी जाईल, आणि ज्याच्या अंगणात निघेल तो त्याला घोणस समजून काठीने मारेल. आणखी एक. आपल्या देशातला कुठलाही साप घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी २०२२ ची दुरुस्ती आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बॉल पायथन त्यात चौथ्या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी २०२४ मधल्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंद करायची असते. प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी ते कळवायचं असतं. मुलगा परदेशात, साप तुमच्याकडे, आणि कुणी विचारलं तर दाखवायला हातात काही नाही, हे बरं नाही. त्याने नोंद केली असेल तर तिची प्रत मागवून पेटीशेजारच्या कपाटात ठेवा. केली नसेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचारा. आणि तुम्हाला खरोखरच हे झेपत नसेल, तर त्यात लाज नाही. लाडूसाठी दुसरं घर शोधायचं काम मुलाचं, कॅनडात बसूनही ते होतं. फक्त कात पडून तो एकदा जेवला की मगच त्याला हलवा.